लोकलचं दार

मुंबईच्या साध्या लोकलच्या दारात मधोमध एक उभा लोखंडी दांडा असतो. असंख्य तळहात घासून तो गुळगुळीत झालेला असतो. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद गाडीत या दांड्याच्या आत उभं राहायला मिळतं की बाहेर, यावर पुढचा तासभर कसा जाणार हे ठरतं. बाहेरच्या अंगाला वारा, आतल्या अंगाला घाम. दारात उभं राहण्याचे नियमही ठरलेले आहेत. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची. ज्याला आधी उतरायचं त्याला एक स्टेशन अगोदरपासून दाराशी येऊ द्यायचं. ‘कुठे?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर ऐकून जागा बदलायची. आणि बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार लोकलमध्ये पाय ठेवायचा नाही. ठेवलाच तर उतरायला मिळेल याची खात्री नाही. यातला एकही नियम रेल्वेने केलेला नाही. दारातल्या माणसांनी भांडतभांडत, सांभाळून घेत ते बसवले आहेत.

दाराला सरकते पल्ले आहेत. पावसाची झड आत येऊ लागली की कुणीतरी ते अर्धवट ओढून घेतं, तेवढाच त्यांचा उपयोग. एरवी गाडी भरधाव सुटलेली असतानाही दार सताड उघडं.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. एक सीएसएमटीकडे निघालेली, दुसरी कसाऱ्याकडे. दोन्हींच्या दारात माणसं लटकलेली होती. त्यांची अंगं आणि पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या आणि तेरा जण खाली पडले. त्यातले चार त्याच दिवशी दगावले. दोन्ही गाड्या रुळांवर होत्या, सिग्नल चुकला नव्हता, ब्रेक निकामी झाले नव्हते. रेल्वेच्या भाषेत ज्याला अपघात म्हणतात, म्हणजे गाडी घसरणं किंवा गाड्यांची टक्कर, तसं काही घडलंच नव्हतं. एक नेहमीचा सोमवार होता, नेहमीची गर्दी होती आणि नेहमीसारखी दारं उघडी होती.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचं हे विचित्र गणित आहे. गाड्या म्हणून पाहिल्या तर त्या बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये म्हणून मोटरमनला सावध करणारी आणि त्याने दुर्लक्ष केलं तर स्वतःच ब्रेक लावणारी यंत्रणा या मार्गांवर कित्येक दशकांपासून आहे. रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात आणि टक्कर ही अगदी क्वचित होणारी गोष्ट. माणसं मात्र मरत राहतात. २०२३ मध्ये २,५९० आणि २०२४ मध्ये २,४६८. वीस वर्षांची बेरीज ५१ हजारांच्या पुढे जाते, असं रेल्वेनेच मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं आहे. सर्वांत जास्त मृत्यू रूळ ओलांडताना होतात आणि त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडून. दहा वर्षांपूर्वी वर्षाचा आकडा तीन हजारांच्या वर असायचा, तो खाली आला हे खरं. पण २,४६८ म्हणजे रोज सहा ते सात माणसं. एखाद्या विमानतळावर असं आठवडाभर घडलं असतं तर विमानतळ बंद ठेवावा लागला असता.

दार उघडं का राहिलं, याचं उत्तर बेफिकिरी एवढंच नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने पहिली विजेवरची गाडी धावली तेव्हा तिला चार डबे होते. पुढे नऊ झाले, बारा झाले, पश्चिम रेल्वेवर २००९ पासून काही गाड्या पंधरा डब्यांच्या झाल्या. माणसं त्याहून झपाट्याने वाढली. नऊ डब्यांच्या गाड्यांच्या काळातला सर्वश्रुत हिशेब असा होता की, १,७०० च्या आसपास क्षमता असलेल्या गाडीत ऐन गर्दीला ४,५०० हून अधिक प्रवासी भरत. उभ्या प्रवाशांचं प्रमाण एका चौरस मीटरला चौदा ते सोळा. यासाठी रेल्वेच्या कागदपत्रांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग रुळला. जमिनीवर खडूने मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यात चौदा जणांना उभं करून पाहावं. दहावा माणूस आत येईपर्यंतच कुणाचा तरी हात वर गेलेला असतो आणि तो खाली घ्यायला जागा नसते.

अशा डब्याचं दार बंद केलं तर पहिला प्रश्न हवेचा. पंखे आतलीच गरम हवा फिरवतात, खिडक्यांशी माणसं उभी, त्यामुळे ताजी हवा येते ती मुख्यतः दारातून. मुंबई रेल विकास महामंडळाने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातून (एमयूटीपी) ज्या नव्या गाड्या आणल्या, २००७ पासून दिसू लागलेल्या त्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या, त्यांच्या छतावर बाहेरची हवा आत ढकलणारे ब्लोअर बसवले गेले. प्रवाशांना तेव्हा खिडक्या मोठ्या झाल्याचं कौतुक जास्त वाटलं. पण खरी सोय छतावरची होती. ती नसती तर दारं बंद करण्याची चर्चासुद्धा पुढे सरकली नसती.

दुसरा प्रश्न सेकंदांचा. स्टेशनावर लोकल जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. गार्डने दोनदा बेल दिली की मोटरमन गाडी सोडतो. (गार्डला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरलं आहे, फलाटावर अजून कुणी म्हणत नाही.) एवढ्या वेळात दादरला एका दारातून पन्नास-साठ माणसं उतरतात आणि तितकीच चढतात. हे जमतं, कारण दार उघडायला आणि मिटायला वेळच लागत नाही. गाडी पुरती थांबायच्या आत पुढचे चार-सहा जण फलाटावर उड्या टाकून धावत सुटलेले असतात. उघड्या दाराने मुंबईला वेग दिला. त्याची किंमत आपण मोजतो आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुणाच्या खात्यावर मांडायची, एवढाच काय तो वाद होता.

कायद्यातही तो वाद दिसतो. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १५६ म्हणतं की टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर उभं राहून प्रवास करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्याच्या कलम १२४अ प्रमाणे गाडीतून चुकून पडणं ही ‘अनुचित घटना’ ठरते आणि रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. आत्महत्या, नशा, स्वतःहून केलेली इजा किंवा गुन्हा असे मोजकेच अपवाद. मृत्यूसाठीची भरपाई २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. प्रत्यक्षात घरच्यांना रेल्वे दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं जावं लागतं, कारण प्रवासी स्वतःच बेपर्वा होता, असा रेल्वेचा पवित्रा ठरलेला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्दीच्या लोकलमधून पडून जखमी झालेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या बाजूने निकाल दिला, तो २०११ मधल्या घटनेसाठी. गर्दीत आत शिरण्याची धडपड हा काही गुन्हा होऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. जून २०२४ मध्ये याच न्यायालयाने लोकलमध्ये माणसांना गुरांसारखं कोंबून नेलं जातं याची लाज वाटते, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले.

बंद दाराची लोकल मुंबईत नाताळच्या दिवशी आली. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली वातानुकूलित लोकल निघाली. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत ती बनली होती. तिची दारं गार्ड उघडतो आणि मिटतो. सगळी दारं नीट मिटल्याखेरीज गाडी जागची हलत नाही. त्यामुळे तिच्यातून कुणी पडत नाही. एवढी साधी गोष्ट. पण सुरुवातीची वर्षं ती अर्धी रिकामी धावायची, कारण भाडं परवडत नव्हतं. पाच किलोमीटरला ६५ रुपये. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं आणि ६५ चे ३० झाले, तशी गर्दी वाढली.

आणि लगेच नवं भांडण उभं राहिलं. रूळ तेवढेच, वेळापत्रकातली जागा तेवढीच. वातानुकूलित फेरी वाढवायची तर साधी फेरी काढावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने तसं केलं तेव्हा कळव्यात आणि मग बदलापुरात प्रवाशांनी आंदोलन केलं. बदलापूरकराच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. त्याची रोजची गाडी गेली, तिच्या जागी महागडा पास लागणारी आली, आणि तिच्यात न बसणारी सगळी माणसं मागच्या साध्या गाडीच्या दारात लटकली. म्हणजे एका गाडीची सुरक्षा दुसऱ्या गाडीच्या प्रवाशांच्या जिवावर. मध्य रेल्वेला नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. सुरक्षित दार ही चैनीची वस्तू करून विकली की असंच होणार, हे त्या आठवड्यात कळवा कारशेडच्या रुळांवर उतरलेल्या लोकांनी नियोजनकारांना समजावून सांगितलं.

साध्या डब्याला आपोआप मिटणारी दारं बसवण्याचा प्रयत्नही नवा नाही. पश्चिम रेल्वेने २०१५ मध्ये एका गाडीच्या महिला डब्यात तसा प्रयोग केला होता, तो पुढे सरकला नाही. मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वे मंडळाने जाहीर केलं की मुंबईसाठी यापुढे बनणारी प्रत्येक लोकल स्वयंचलित दारांची असेल आणि जुन्या गाड्यांनाही तशी दारं बसवली जातील. वातानुकूलन नसलेल्या गाडीसाठी तीन बदल सुचवले गेले. दारांना हवा येईल अशा झडपा, म्हणजे जुन्या घरांच्या खिडक्यांना असायच्या तशा तिरप्या पट्ट्या. छतावर ताजी हवा खेचणारी यंत्रं. आणि डब्यांना आतून जोडणारी वाट. यातला तिसरा बदल वाटतो तितका किरकोळ नाही. आज प्रत्येक डबा म्हणजे स्वतंत्र खोली आहे. जिन्यासमोर येणारा डबा ठासून भरतो आणि टोकाचा डबा त्या मानाने मोकळा राहतो. आतून जाता आलं तर ही गर्दी आपसूक पसरेल. पहिली अशी गाडी जानेवारी २०२६ पर्यंत सेवेत आणायचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. एमयूटीपीच्या पुढच्या टप्प्यांतून २३८ वातानुकूलित गाड्या घ्यायच्या आहेत त्या वेगळ्या.

दाराच्या बाहेर पाऊल टाकलं की पुढचा धोका पायाखाली असतो. गाडी आणि फलाट यांच्यातली फट. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी चढताना या फटीत सापडली आणि तिचे दोन्ही हात गेले. कित्येक स्टेशनांत फलाट इतके बुटके होते की गाडीची पायरी गुडघ्याजवळ यायची. या घटनेनंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि फलाटांची उंची वाढवण्याचं काम एकदाचं मार्गी लागलं. पूर्वी कमाल ८४० मिलिमीटर उंचीची मर्यादा होती, ती वाढवून फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरवर नेले गेले. फरक मोजायला गेलं तर वीतभरही नाही. साडी नेसलेल्या, हातात डबा आणि खांद्यावर पर्स असलेल्या बाईला विचारलं तर ती तो फरक बरोबर सांगेल.

फलाटावरून बाहेर पडायचं तर पूल. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ, साडेदहाचा सुमार, अचानक आलेला पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबलेले आणि गाड्यांमधून नव्याने उतरलेले एकमेकांवर दाटले. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्या पुलावरून एके काळी गिरणी कामगार पाळीच्या वेळेला जायचे. गिरण्या पडल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, हजारोंच्या संख्येने नोकरदार येऊ लागले. जमिनीचा भाव शंभर पटींनी वाढला असेल. पुलाची रुंदी एक फुटाने वाढली नव्हती. नवा पूल मग लष्कराने बांधला आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस तो खुला झाला. पाच महिन्यांत. स्टेशनाचं नावही त्याच वर्षी प्रभादेवी झालं. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल कोसळला. या दोन घटनांनंतर मात्र पादचारी पूल, सरकते जिने आणि लिफ्ट यांची कामं मुंबईभर दिसू लागली. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी होण्यात या पुलांचा आणि रुळांकडेच्या कुंपणभिंतींचा वाटा मोठा आहे.

रूळ ओलांडणाऱ्याला आळशी किंवा मूर्ख ठरवणं फार सोपं. कलम १४७ खाली त्याला दंड होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने तर एका माणसाला यमराजाच्या वेशात रुळांवर उतरवलं होतं. काळा अंगरखा, डोक्यावर मुकुट. रूळ ओलांडणाऱ्याला तो खांद्यावर टाकून बाजूला न्यायचा. फोटो देशभर गाजले. लोकांनी यमराजासोबत सेल्फी काढले. करमणूक म्हणून ठीक.

त्याच्या दहा वर्षं आधी वडाळ्याजवळ फायनल माइल या मुंबईच्या कंपनीने रेल्वेबरोबर केलेला प्रयोग फारसा कुणाला आठवत नाही आणि तो जास्त शहाणपणाचा होता. माणसाला समोरून येणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेग कमी भासतो. लांबून येणारी लोकल म्हणूनच निवांत वाटते आणि ‘आपण निघून जाऊ’ असा भरवसा वाटतो. त्यांनी रुळांखालचे स्लीपर एकाआड एक पिवळे रंगवले. गाडी ते पिवळे पट्टे भराभर गिळत येताना दिसली की तिचा खरा वेग डोळ्यांना कळतो. दुसरा बदल भोंग्यात. एकच लांबलचक भोंगा दिला तर कान त्याला सरावतात; त्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायचे, मधे क्षणभर शांतता. त्या शांततेने माणूस दचकून वर पाहतो. तिसरा बदल फलकात. ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ हे वाक्य काढून तिथे गाडीखाली येत असलेल्या माणसाच्या भयाने विस्फारलेल्या चेहऱ्याचे तीन फोटो लावले, एकापेक्षा एक जवळून घेतलेले. शिकवणूक नाही, दंडाची धमकी नाही, खर्च रंगाच्या डब्यांचा आणि छपाईचा. त्या जागेवरचे मृत्यू लक्षणीय घटले.

टपावरचा प्रवास थांबण्याची कथा आणखी वेगळी. मुंबईच्या मार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. तारेला प्रत्यक्ष हात लागला तरच धक्का बसे, आणि टपावर बसणारे वाकून बसायला शिकले होते. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत आणि हार्बरवर २०१६ मध्ये सगळीकडे २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आला. या दाबाला तारेच्या नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. बदलाच्या काळात अनेक तरुण पोरं त्यात होरपळली. नंतर टपावरची गर्दी विरळ झाली. या घटीला सुधारणा म्हणताना जीभ अडखळते.

पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं? कित्येक वर्षं त्याचं उत्तर ‘मेमो’ असं होतं. स्टेशन मास्तरने कागद लिहायचा, पोलिसांनी यायचं, हमालांनी स्ट्रेचर उचलायचं, मग टॅक्सी किंवा रुग्णवाहिका शोधायची. वाहतं रक्त कागदासाठी थांबत नाही. १९८९ मध्ये स्वतः लोकल अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी यांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात पाठपुरावा केला. स्टेशनांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष, रुग्णवाहिका आणि पहिल्या तासातले उपचार हा विषय न्यायालयाच्या आदेशांमुळेच रेल्वेने मनावर घेतला. २०१७ पासून मध्य रेल्वेच्या काही स्टेशनांवर एक रुपयात तपासणी करणारे दवाखानेही सुरू झाले. मदतीसाठी रेल्वेचा १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवण्यासारखे आहेत. गर्दीत नंबर शोधायला हात मोकळा नसतो.

बायकांच्या डब्याची गोष्ट थोडी निराळी. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा जगात अशी दुसरी नव्हती. महिला डब्याच्या बाहेर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र वर्षानुवर्षं होतं. पश्चिम रेल्वेने अलीकडे ते बदलून तिच्या जागी आजच्या नोकरदार वेशातली स्त्री आणली. चित्र बदललं हे छानच. पण रात्री साडेदहाच्या कर्जत लोकलमध्ये बसलेल्या नर्सला त्याहून मोलाचा वाटतो तो डब्यात काठी घेऊन बसलेला पोलीस किंवा होमगार्ड. रात्रीच्या महिला डब्यात असा पहारा असतो. सीसीटीव्ही आले, काही डब्यांत बटण दाबून थेट गार्डशी बोलण्याची सोय आली. दिवसा ऐन गर्दीत छेडछाडीचा धोका डब्यापेक्षा जिन्यावर आणि पुलावर जास्त असतो, जिथे महिलांसाठी वेगळी जागा नसते. रुंद पूल ही महिलांच्या सुरक्षेचीही बाब आहे, हे नियोजनाच्या कागदांत क्वचितच लिहिलं जातं.

सोयी म्हणून ज्या छोट्या गोष्टी मोजल्या जातात त्यांचा जिवाशी संबंध किती जवळचा आहे, हे इंडिकेटरकडे पाहिलं तरी कळतं. कर्जतसाठी ‘एस’, कसाऱ्यासाठी ‘एन’, फास्ट की स्लो, बारा डबे की पंधरा. ही तीन अक्षरं वेळेवर आणि बरोबर दिसली तर माणूस आपल्या डब्याच्या जागी आधीच उभा राहतो. शेवटच्या मिनिटाला ‘फलाट क्रमांक पाचऐवजी सहावर’ अशी उद्घोषणा झाली की शे-दोनशे माणसं एकदम पुलाकडे धावतात आणि त्यातली काही सरळ रुळांत उड्या घेतात. स्वच्छ स्वच्छतागृहाचंही तसंच. दीड तासाचा प्रवास, त्यात मेगाब्लॉक. अनेक बायका त्यापायी सकाळी पाणीच पीत नाहीत. २०११ पासून मुंबईत चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हा प्रश्न चारचौघांत बोलण्याजोगा केला, हे काम लहान नाही. ज्येष्ठांसाठीही काही हललं आहे: न्यायालयात विषय गेल्यावर मालडब्याचा काही भाग ज्येष्ठ नागरिकांना देण्याचं ठरलं आणि मध्य रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात २०२५ मध्ये तसा पहिला डबा तयार झाला. तोवर तीन जणांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून बसण्याची कला सगळ्या वयांना येतच होती.

मुंबईतच याच्या नेमकं उलट दृश्य आता जमिनीखाली आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिथे फलाटाच्या कडेला उंच काचेची भिंत आहे. गाडी थांबली की भिंतीतलं आणि गाडीचं दार एकाच वेळी उघडतं. रुळांवर पडायला वाटच नाही. प्रवासी तेच, घाईही तीच. चर्चगेटला धावत्या गाडीतून उडी मारणारा माणूस सिद्धिविनायक मेट्रो स्टेशनात रांगेत उभा राहतो आणि दार उघडायची वाट पाहतो. ‘मुंबईकरांना शिस्तच नाही’ हे पालुपद ऐकवणाऱ्या साहेबांनी एकदा तिथे जाऊन यावं. लोकलच्या फलाटांना अशी भिंत लगेच लावता येणार नाही, कारण वेगवेगळ्या गाड्यांची दारं वेगवेगळ्या जागी येतात आणि त्याच फलाटावर लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. आधी गाड्या एकसारख्या व्हाव्या लागतील.

दारं मिटली तरी गर्दी उरतेच. मिटणाऱ्या दारांना प्रत्येक थांब्यावर काही सेकंद जास्त लागणार. दोन गाड्यांमधलं अंतर आज तीन मिनिटांच्या आसपास आहे, ते दोन मिनिटांवर आणणारी नवी सिग्नल यंत्रणा बसली नाही तर बंद दारांची लोकल वेळापत्रक सांभाळू शकणार नाही आणि फलाटावर राहिलेली माणसं वाढतील. हे दोन्ही बरोबरीने व्हायला हवं. नाहीतर २०२२ चं कळवा पुन्हा घडेल.

एक उपाय मात्र रुळांशी संबंधित नाही. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई विभागातल्या आपल्याच कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या: साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ. मग शहरातल्या शेकडो कार्यालयांना, बँकांना, महाविद्यालयांना पत्रं पाठवून तुम्हीही वेळा थोड्या मागेपुढे करा अशी विनंती केली. फारच थोड्यांनी मनावर घेतलं. त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलात, फोर्टात, अंधेरीत अजूनही हजेरीच्या यंत्रावर नऊ-साडेनऊला बोट टेकवावं लागतं आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापणाऱ्या कचेऱ्या आहेत. अर्ध्या तासाची सवलत देणाऱ्याही आहेत. तिथल्या माणसाला भरलेली गाडी सोडून मागची पकडणं परवडतं.